अनियंत्रित मूत्रस्राव : पुरुषांचे एक झाकलेले दुखणे आणि त्यावरील आरोपित साधने

मार्गशीर्ष वद्य एकादशीला सटाणा येथे यशवंतराव महाराज देवमामलेदारांची यात्रा भरते. दुष्काळाच्या दिवसांत सरकारी खजिना रयतेसाठी खुला करणाऱ्या एका मामलेदाराला लोकांनी देवपण द्यावे, अशी उदाहरणे महाराष्ट्रात फारशी आढळत नाहीत. बागलाण तालुक्यातील लोक पिढ्यान्‌पिढ्या या यात्रेला येतात. मात्र नेमाने येणाऱ्या वयस्कर पुरुषांपैकी काही जण एखाद्या वर्षापासून येईनासे होतात. गुडघे दुखतात, आता वय झाले, असे घरची मंडळी सांगतात. खरे कारण पुष्कळदा निराळे असते. त्यांना लघवी धरवत नाही. खोकला आला, ओझे उचलले, एस.टी.च्या पायरीवर पाय टाकला की धोतर किंवा विजार ओली होते. सटाण्याहून नाशिक सुमारे ९० किलोमीटर आहे. एवढा दोन-अडीच तासांचा प्रवास हा गृहस्थ करू शकत नाही. भजनाला बसू शकत नाही, ग्रामसभेत मागे दाराजवळ उभा राहतो आणि पुढे तेथेही येणे सोडतो.

या दुखण्याने सहसा जीव जात नाही, म्हणून त्याकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही. परंतु माणूस माणसांतून उठतो. अंथरुणाला वास येतो म्हणून त्याची खाट पडवीत जाते. सून धुणे धुते आणि बोलत नाही. मुलालाही विचारावयास संकोच वाटतो. रुग्ण स्वतः एकच उपाय शोधून काढतो, तो म्हणजे पाणी न पिणे. बागलाणच्या चैत्र-वैशाखात द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या बागेत काम करणाऱ्याने पाणी तोडले, तर मूतखड्याला निमंत्रण मिळते. शिवाय गढूळ व तीव्र झालेली लघवी मूत्राशयाला अधिकच चेतविते आणि घाई वाढते. म्हणजे ज्या त्रासापासून सुटण्यासाठी पाणी तोडले, तोच त्रास वाढीस लागतो.

बंधारा, दार आणि सांडवा

शरीरातील ही व्यवस्था समजून घेण्यास बागलाणच्या वाचकाला दूर जावयास नको. मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत. बंधाऱ्यामागे पाणी साठते, पाटाच्या तोंडाशी दार असते, पाटकरी वेळ पाहून ते उघडतो व मिटतो, आणि पाणी अधिक झाले तर ते सांडव्यावरून वाहून जाते. मूत्रपिंडांतून थेंब थेंब उतरणारी लघवी मूत्राशयात साठते. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात सामान्यतः ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. त्याच्या तोंडाशी एक दार नसून दोन असतात. पहिले मूत्राशयाच्या मुखाशी असून ते आपल्या इच्छेवर चालत नाही. दुसरे अष्ठीला ग्रंथीच्या, म्हणजे ज्याला दवाखान्यात प्रोस्टेट म्हणतात त्या ग्रंथीच्या, खाली असते; लघवी रोखून धरताना आपण आवळतो ते हेच. वैद्यकात या दारांना परिसंकोची स्नायू म्हणतात.

अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग झाल्यास काही रुग्णांत ती ग्रंथी समूळ काढावी लागते. त्या शस्त्रक्रियेत पहिले दार बहुतांशी जातेच आणि सारा भार दुसऱ्यावर पडतो. त्यालाही थोडी इजा झाली असेल, तर रुग्ण कर्करोगातून वाचतो, पण गळतीत सापडतो. ग्रंथी नुसती वाढलेली असताना मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ती खरवडतात, त्या शस्त्रक्रियेनंतर कायमची गळती क्वचितच, शंभरात एखाद्यालाच होते. याखेरीज ट्रॅक्टर उलटून किंवा रस्त्यावरील अपघातात कटीचे हाड मोडणे, पाठीच्या कण्याला मार लागणे, कण्याचा जन्मजात दोष, यांमुळेही तरुण वयात हे दुखणे येते. ते केवळ म्हातारपणाचे नव्हे.

लघवी गळते म्हणजे दारच झिजले, असा निष्कर्ष मात्र घाईने काढू नये. सुश्रुतसंहितेतही मूत्राघाताचे बारा प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत. आधुनिक वैद्यकाने व्यवहारासाठी मुख्यतः तीन पाहावेत. पहिल्यात दार सैल असते. खोकणे, शिंकणे, उठणे, ओझे उचलणे यांसरशी गळते. दुसऱ्यात दार धड असते, परंतु मूत्राशयच अवेळी आकुंचन पावते. लघवीची भावना होताच धावावे लागते आणि वाटेतच कपडे ओले होतात. यावर सवयी बदलणे, औषधे आणि मूत्राशयाला वळण लावणे हे उपाय आहेत. दार बदलून येथे काही साधत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आणि खेड्यात सर्वांत दुर्लक्षित. दार झिजलेले नसून बाहेर पडावयाचा मार्गच वाढलेल्या ग्रंथीने बुजलेला असतो. बंधारा काठोकाठ भरतो आणि पाणी सांडव्यावरून वाहू लागते. रुग्ण सांगतो, ‘दिवसभर थेंब थेंब होते, रात्री अंथरूण ओले होते’. ऐकणाऱ्याला वाटते लघवी फार होते, आणि खरे पाहता ती तुंबलेली असते. हे तुंबणे सावकाश झालेले असल्याने वेदना होत नाहीत. ओटीपोटावर हात ठेवला तर घट्ट गोळा लागतो. मागे साचलेल्या दाबाने दोन्ही मूत्रपिंडे हळूहळू निकामी होऊ लागतात. पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने नव्याने अंथरूण ओले करण्यास सुरुवात केली, तर त्याची सोनोग्राफी करून लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते, हे त्याच आठवड्यात पाहिले पाहिजे. येथे उपाय नेमका उलटा, म्हणजे अडथळा दूर करण्याचा असतो. अशा माणसाला गळती थांबविण्याचे साधन बसविणे म्हणजे भरल्या बंधाऱ्याचा सांडवाही बांधून टाकणे होय.

कृत्रिम दाराची कथा

झिजलेल्या दाराच्या जागी दुसरे दार बसवावे, ही कल्पना तशी जुनी नाही. रुग्णालयातून आज सर्वत्र वापरली जाणारी, टोकाशी फुगा असलेली लघवीची नळी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या अमेरिकन शल्यचिकित्सक फ्रेडरिक फोली यांनी १९४७ मध्ये मूत्रमार्गाभोवती फुगणाऱ्या कड्याची योजना मांडली. ते साधन बाहेरून वापरावयाचे होते व ते रूढ झाले नाही. पुढे १९७२ मध्ये ह्यूस्टन येथे ब्रँटली स्कॉट यांनी, विल्यम ब्रॅडली व जेराल्ड टिम या सहकाऱ्यांसह तयार केलेले, संपूर्णपणे शरीराच्या आत राहणारे साधन प्रथम बसविले. मानवी शरीराला मानवणारे सिलिकोन रबर तोवर उपलब्ध झाले होते, म्हणूनच ते शक्य झाले. त्या पहिल्या साधनाला उघडण्यासाठी एक व मिटण्यासाठी एक असे दोन पंप होते. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्याचे सुधारलेले रूप आले आणि किरकोळ फेरफारांसह तेच आजही जगभर वापरात आहे. वैद्यकातील साधने इतकी वर्षे सहसा टिकत नाहीत. हे टिकले, कारण त्याची रचना साधी आहे.

या साधनाचे तीन भाग असतात. पहिला भाग म्हणजे मूत्रमार्गाभोवती वेढलेले पोकळ कडे. पुरुषांत ते सामान्यतः चार-साडेचार सेंटिमीटर घेराचे बसते. दुसरा भाग ओटीपोटात ठेवलेला लहान फुगा. तिसरा भाग अंडकोशाच्या कातडीखाली ठेवलेला बोटाच्या पेराएवढा पंप. तिन्ही भाग बारीक नळ्यांनी जोडलेले असून आत क्षारजल किंवा तत्सम द्रव भरलेला असतो. फुग्याचा दाब कड्यातील द्रवाला सतत रेटत असतो, त्यामुळे कडे फुगलेले व मूत्रमार्ग मिटलेला राहतो. हा दाब बहुधा ६१ ते ७० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका ठेवतात. तो याहून फार कमी असला तर गळते, आणि फार जास्त असला तर मूत्रमार्गाचा रक्तपुरवठा आवळला जाऊन तो झिजतो. लघवीला जावयाचे झाले की रुग्ण अंगठा व बोट यांच्या चिमटीत पंप काही वेळा दाबतो. कड्यातील द्रव फुग्याकडे जातो, दार उघडते आणि नेहमीप्रमाणे लघवी होते. पुन्हा दार लावावयास काही करावे लागत नाही. दोन-तीन मिनिटांत द्रव आपोआप परततो. पाटकऱ्याचे काम येथे बोटांनी करावयाचे असते एवढेच. वीज नाही, घट नाही, बाहेर लोंबणारे काही नाही. कपड्यांवरून कोणाला कळतही नाही.

शस्त्रक्रियेत अंडकोश व गुदद्वार यांमधील भागावर आणि जांघेजवळ छेद घेतात. त्यानंतर सुमारे सहा आठवडे कडे उघडेच, बंद पडू न देता ठेवलेले असते. जखमा भरून सूज उतरली की डॉक्टर ते सुरू करून देतात आणि पंप वापरावयास शिकवितात. या सहा आठवड्यांत गळती पूर्वीइतकीच राहते, हे घरच्यांना आधी सांगून ठेवले नाही तर शस्त्रक्रिया फसली असा बोभाटा गावभर होतो.

साधनाच्या गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. बहुसंख्य रुग्णांची गळती इतकी कमी होते की दिवसाला एखादी घडी पुरते किंवा तीही लागत नाही. अगदी ठणठणीत कोरडेपणाचे आश्वासन कोणी देऊ नये. जंतुसंसर्ग झाला तर संपूर्ण साधन काढून टाकावे लागते व काही महिन्यांनी पुन्हा बसवावे लागते. कडे मूत्रमार्ग झिजवून आत उतरणे, मूत्रमार्ग बारीक होऊन कडे सैल पडणे, नळी चिरून द्रव गळणे हेही घडते. दहा वर्षांच्या काळात जवळजवळ निम्म्या रुग्णांना कधी ना कधी दुरुस्तीची किंवा बदलण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. पंप असलेल्या जागी लाली, सूज वा दुखणे, लघवीतून रक्त, किंवा बरी झालेली गळती पुन्हा सुरू होणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये.

ज्यांची गळती थोडी वा मध्यम आहे, त्यांच्यासाठी दुसरे साधन आहे. जाळीच्या विणीची एक पट्टी मूत्रमार्गाखालून नेऊन त्याला आधार देतात, जणू झोळीत धरतात. सध्या प्रचलित असलेल्या पट्ट्या मुख्यतः २००० नंतरच्या दशकात युरोपात विकसित झाल्या. त्यांत पंप नसतो, काही दाबावे लागत नाही. परंतु क्ष-किरण उपचार झालेल्या किंवा फार गळणाऱ्या रुग्णाला त्यांचा उपयोग कमी. पट्टी बसविल्यावर सुमारे सहा आठवडे उकिडवे बसणे, ओझे उचलणे व शिडी चढणे वर्ज्य असते. ही सूचना वाचावयास सोपी आहे. ज्या घरी बसावयाचे भारतीय पद्धतीचे शौचकूप आहे आणि कांद्याच्या गोण्या उचलावयाच्या आहेत, तेथे ती पाळणे सोपे नाही. खुर्चीवजा शौचासनाची सोय शस्त्रक्रियेपूर्वीच करावी लागते. मूत्रमार्गाच्या दोन्ही बाजूंना कमी-जास्त भरता येणारे लहान फुगे ठेवण्याचीही एक पद्धत आहे.

शस्त्रक्रियेआधी

शस्त्रक्रिया हा पहिला उपाय नव्हे. ग्रंथी काढल्यानंतरची गळती पहिल्या वर्षात पुष्कळ अंशी आपोआप कमी होत जाते. म्हणून सहा महिने ते वर्षभर वाट पाहतात. या काळात ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचा व्यायाम नेटाने करावयाचा असतो. अमेरिकन वैद्य आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये तो स्त्रियांसाठी सांगितला. पुरुषांनाही तो तितकाच लागू पडतो. चारचौघांत वारा सरू नये म्हणून जे स्नायू आवळतात, तेच आवळावेत, काही सेकंद धरावेत व तितकाच वेळ सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या आवळू नयेत. श्वास कोंडू नये. लघवी करता करता मध्येच थांबविण्याची सवय तर मुळीच लावून घेऊ नये. खोकण्यापूर्वी व उठण्यापूर्वी एकदा आवळून घेतले की बराच फरक पडतो. हा व्यायाम पारावर बसूनही करता येतो आणि शेजारच्याला कळत नाही, हा त्याचा लहानसा पण खरा लाभ आहे. बद्धकोष्ठ, तंबाखूचा खोकला, अनियंत्रित मधुमेह व मूत्रसंसर्ग यांवर उपचार केले तर काहींचे काम तेवढ्यावरच भागते.

व्यायामानेही गळती राहिली, तर दुर्बिणीने मूत्रमार्ग तपासतात, तो कोठे आक्रसला असल्यास आधी तो मोकळा करतात; मूत्राशयाचा दाब मोजतात. आणखी एक गोष्ट डॉक्टर पाहतात, ती म्हणजे रुग्णाचे हात. संधिवाताने, पक्षाघाताने किंवा जुन्या कुष्ठरोगाने बोटे निकामी झाली असतील, किंवा स्मृतिभ्रंश झाला असेल, तर पंप कोण दाबणार? स्वतः दाबता न येणाऱ्याला हे साधन बसवीत नाहीत.

सटाण्याच्या रुग्णासाठी वाट अशी आहे : प्रथम तालुक्याच्या ठिकाणचे शासकीय रुग्णालय, तेथून नाशिकचे जिल्हा रुग्णालय किंवा विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, आणि अशा आरोपणासाठी बहुधा मुंबई-पुण्याची मोठी रुग्णालये. खर्चाचा प्रश्न कठीण आहे. आयात होणाऱ्या कृत्रिम दाराची किंमतच काही लाख रुपये होते. पट्टीला पुष्कळ कमी खर्च येतो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ या विशिष्ट साधनासाठी मिळतो किंवा कसे, हे संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधीच लेखी विचारून घ्यावे. शस्त्रक्रियेनंतर विचारण्यात अर्थ नसतो. ज्याला हे परवडणारे नाही त्याला वाऱ्यावर सोडण्याचे मात्र कारण नाही. लिंगावर चढवावयाचे निरोधासारखे आवरण व त्याला जोडलेली मांडीवर बांधावयाची पिशवी हे साधन स्वस्त आहे, आणि नीट बसविले तर प्रवासात व सभेत निर्धास्त बसता येते. आवरण रोज बदलावे, कातडी धुऊन कोरडी ठेवावी. चिमटा वापरणाऱ्याने तो दोन तासांच्या आत सोडावा व रात्री लावू नये.

जी नळी एरवी तारते

साधन बसविलेल्या माणसापुढील सर्वांत मोठा धोका गावातील कोणाच्या ध्यानीमनीही नसतो. असा माणूस विंचूर-प्रकाशा मार्गावर अपघातात सापडतो, किंवा झटका येऊन बेशुद्ध पडतो. त्याला जवळच्या रुग्णालयात नेतात. बेशुद्ध रुग्णाला लघवीची नळी घालणे हा तेथील रोजचा आणि योग्य परिपाठ असतो. परिचारिका नळी घालू लागते; वाटेत फुगलेले कडे आहे, हे तिला ठाऊक नसते. नळी अडली म्हणून जोर केला तर मूत्रमार्ग फाटतो. ती जोराने आत गेलीच, तर एका बाजूने कडे व दुसऱ्या बाजूने नळी यांच्यात मूत्रमार्गाची भिंत तासन्‌तास चेपली जाते व झिजून तिला भोक पडते. लाखो रुपयांचे साधन तर काढावे लागतेच, पण मूळ मूत्रमार्गही अधू होतो. यात कोणाचा हलगर्जीपणा नसतो. माहिती पोहोचलेली नसते इतकेच.

उपाय अगदी साधा आहे. पंपाच्या वरच्या भागात एक लहान कळ असते. आधी पंप दाबून कडे रिकामे करावयाचे, मग ती कळ दाबावयाची. म्हणजे द्रव परत येत नाही व दार उघडेच राहते. त्यानंतर बारीक नळी हलक्या हाताने घालावी आणि शक्य तितक्या लवकर काढावी. हे ज्याला जमत नाही त्याने नळी न घालता मूत्रशल्यतज्ज्ञाला दूरध्वनी करावा. पोटातून सुई घालून लघवी काढावयाची वेळ आली तरी तेथे फुगा असू शकतो, म्हणून सोनोग्राफी केल्याखेरीज सुई टोचू नये. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला एक कार्ड मिळते. ते कपाटात जपून ठेवावयाचे नाही. आधारपत्राबरोबर खिशात बाळगावयाचे आहे, आणि त्यावरील मजकूर मराठीत लिहून घेऊन जोडावयाचा आहे. पत्नीला, मुलाला व गावच्या आशा कार्यकर्तीला हे ठाऊक असावे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडेही त्याची नोंद असावी. मोटारसायकलच्या वा सायकलच्या टणक बैठकीवर लांबचा प्रवास टाळणेही अशा माणसाला हिताचे असते.

ग्रामपंचायत, शाळा व कचेऱ्या यांच्याकडून येथे दोन गोष्टी होण्यासारख्या आहेत. ग्रामसभेच्या जागेजवळ पुरुषांसाठी पाणी असलेली, दार लागणारी मुतारी असावी. उघड्या भिंतीला तोंड करून उभे राहण्याची सोय ही या रुग्णासाठी सोय नव्हे, कारण त्याला घडी बदलावयाची असते व पिशवी रिकामी करावयाची असते. दुसरे असे की, निवृत्तिवेतन, हयातीचा दाखला, पीकविमा यांसाठी वृद्धांना रांगेत तासन्‌तास उभे करताना कारकुनाने एकदा ‘बसून घ्या, नाव पुकारू’ असे म्हणावे. शिक्षकांकडे गावातील लोक कागद वाचून घेण्यासाठी येतात. रुग्णालयाचा कागद वाचताना त्यांच्याकडूनच या दुखण्याचे नाव प्रथम उच्चारले जाणे शक्य आहे.

रुग्णाने डॉक्टरकडे जाताना एक वही बरोबर न्यावी. तिच्यात ओळीने तीन दिवसांची नोंद असावी : किती वाजता किती पाणी व चहा घेतला, किती वाजता लघवी झाली, ती खुणा केलेल्या प्लास्टिकच्या मापात किती भरली, कधी गळाले, आणि त्या वेळी तो काय करीत होता. लिहिता येत नसेल तर नातवाने लिहावे. दिवसभरात किती फडकी ओली झाली हेही मांडावे. एवढ्या नोंदीवरून तज्ज्ञाला पुष्कळदा पहिल्याच भेटीत कळते की दार झिजले आहे, मूत्राशय चेतले आहे, की बंधारा तुंबला आहे.